आधी ऊब, मग पाणी, मग खाणं

यावेळी आलेल्या पत्रांत निम्मी मांजराच्या पिल्लांची आहेत. उन्हाळा म्हणजे पिल्लांचा सीझनच, माळ्यावर बघा, कापसाच्या गंजीत बघा, केळीच्या बागेतल्या शेडमधे बघा, कुठंतरी म्याव ऐकू येतंच. आधीच सांगून टाकतो, माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात गाई-म्हशी-बकऱ्यांत गेली, मांजर मी उशिरा शिकलो आणि ते बरंचसं स्वतःच्या चुकांतून शिकलो. मासिकात पत्र येऊन उत्तर छापेपर्यंत महिना-दीड महिना जातो आणि एवढा वेळ आजारी पिल्लाकडं नसतो, म्हणून पहिल्या पत्रातल्या ताईंना मी त्याच संध्याकाळी फोन केला होता. फोनवर बोललो तेच इथं जरा सविस्तर लिहितोय, दुसऱ्या कोणाच्या कामी येईल.

प्रश्न: नाना, मी यावल तालुक्यातली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले होते तिथून दोन पिल्लं आणली, दोन-अडीच महिन्यांची, एक पिवळं आणि एक काळंपांढरं. आठ दिवस मस्त खेळली. मग काळंपांढरं एका रात्रीत गेलं, सकाळी बघतो तर कडक, आम्हाला वाटलं काही चावलं असेल. तीन दिवसांनी पिवळ्याने पण खाणं सोडलं, पिवळा फेस ओकतं, पातळ संडास, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसतं पण पीत नाही. सासूबाई म्हणे "ऊन लागनं त्याले, कुलरपुढे ठेव", म्हणून कुलरपुढे ठेवलं, तळव्यांना कांद्याचा रस लावला, थोडा पाजला पण. गाईचं दूध सिरिंजने दिलं तर नाकातून बाहेर आलं. गावातले डॉक्टर ढोरांचे, ते म्हणे जळगावला ने. तिथल्या डॉक्टरांनी टेस्ट करून पॅनल्यूको सांगितलं, इंजेक्शनं दिली, ठेवून घ्यायची सोय नाही म्हणे, मग सलाईनची बाटली देऊन कातडीखाली कसं द्यायचं ते दाखवलं आणि घरी पाठवलं. आता माझा हात थरथरतो. आंग गार लागतंय. आधी काय करू तेच समजत नाही.

उत्तर: ताई, आधी कुलर बंद करा.

बाहेर ४४ डिग्री आणि आपण घामाने निथळतोय त्यामुळे कोणालाही वाटेल की पिल्लाला गार ठेवावं, सासूबाईंचं चुकलं असं मी म्हणणार नाही, माणसाला ऊन लागलं असतं तर त्यांनी बरोबरच केलं असतं. पण हे पिल्लू आतून गार पडतंय. मांजराच्या पिल्लाचं नॉर्मल टेम्परेचर साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्याला जो ताप वाटेल तो त्याचा रोजचा आकडा. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला खोबरेल तेल लावा, शेपटी उचलून जेमतेम एक सेंटिमीटर आत धरा. तो थर्मामीटर आता मांजराचाच, घरातल्या कोणाच्या तोंडात परत जाऊ द्यायचा नाही. ९९ च्या खाली आकडा असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ऊब द्यायची.

ऊब म्हणजे काय, तर पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत हाताला सोसेल इतपत गरम पाणी, त्यावर जुना पायमोजा किंवा टॉवेल गुंडाळायचा आणि खोक्यात एकाच बाजूला ठेवायची, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे पिल्लाला जास्त झालं तर सरकता येईल. अर्ध्या-पाऊण तासाने बाटली बदला, कारण गार झालेली बाटली उलटी पिल्लाचीच ऊब ओढून घेते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. हेअर ड्रायर नको, चुलीपाशी नको, घाई नको. तास-दोन तासात हळूहळू वर येऊ द्यायचं. खाली कापूस पसरू नका, घरात गंजी असली तरी, तंतू नाकातोंडाला चिकटतात, जुनी सुती साडी चांगली.

आणि गार पिल्लाच्या तोंडात काही घालायचं नाही. दूध नाही, सूप नाही, पाण्याचा थेंबसुद्धा ओतायचा नाही. शरीर गार पडलं की आतडी हलायची थांबतात, पोटात गेलेलं तिथंच सडतं, फुगतं. गिळायची ताकद पण नसते, मग दूध फुफ्फुसात जातं. तुमच्या पिल्लाच्या नाकातून दूध आलं ते याच्यामुळे, आणि बहुतेक तुम्ही त्याला लहान बाळासारखं पाठीवर झोपवून पाजलं असणार. मी स्वतः पहिली दोन पिल्लं अशीच घालवली, प्रेमाने दूध पाजून. अगदीच मलूल असेल तर ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात कालवून बोटाने हिरड्यांना एक-दोन थेंब चोळा, तेवढं चालतं, रक्तातली साखर पडलेली असते तिला आधार होतो.

कांदा मात्र परत कधीच नाही. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. आपल्याकडं शेवभाजीचा रस्सा, वरण, कशातही कांदा-लसूण असतोच, म्हणून ताटातलं काहीच देऊ नका.

आता हा आजार काय ते समजून घ्या म्हणजे बाकीचं का ते कळेल. कुत्र्यांमधला पार्वो ऐकला असेल, पॅनल्यूको त्याचा चुलतभाऊ. विषाणू आतड्याचं अस्तर खातो आणि हाडांच्या मगजात घुसून पांढऱ्या पेशी संपवतो, म्हणजे एकीकडं ओकाऱ्या-जुलाबाने पाणी चाललंय आणि दुसरीकडं लढणारी फौजच नाही. लागण झाल्यापासून साधारण २ ते १० दिवसात दिसतो, त्यामुळे पिल्लांनी तो माहेरून आणला की तुमच्याच घरी लागला हे सांगता येणार नाही. काळंपांढरं याच्यानेच गेलं असावं, बऱ्याचदा इतक्या झटक्यात जातं की लोक म्हणतात कोणी विष घातलं. विषाणूवर थेट औषध नाही. डॉक्टर करतात ते म्हणजे पाणी भरून काढणं, ओकारी थांबवणं आणि दुसरे जंतू शिरू नयेत म्हणून अँटिबायोटिक, आणि तेवढ्यात पिल्लाच्या अंगात पेशी परत तयार व्हाव्यात अशी वाट बघणं. उपचार न झालेल्या पिल्लांतली बहुतेक दगावतात, हे लपवून उपयोग नाही. पण पहिले चार-पाच दिवस काढले तर आशा पुष्कळ वाढते.

सलाईनचं. हात थरथरतो ते साहजिक आहे, माझा म्हशीला सुई टोचताना कधी थरथरला नाही आणि पाचशे ग्रॅमच्या मांजराला टोचताना थरथरला. बाटलीवर रिंगर लॅक्टेट लिहिलंय ना ते वाचून घ्या, नुसतं डेक्स्ट्रोज कातडीखाली देत नाहीत. बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवून थोडी उबदार करा, मनगटावर थेंब टाकून बघा. टांगायला तुमच्या घरात आखाजीच्या झोक्याची कडी असेलच, तिलाच टांगा, उंच पाहिजे. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलली की तंबूसारखी होते, त्या तंबूच्या पायथ्याशी सुई पाठीला समांतर आत जाते. सुई दुसऱ्या बाजूने बाहेर आली तर पाणी केसांवर गळतं, घाबरू नका, काढा, नवीन सुई लावा. पाणी गेलं की उंटासारखा फुगा येतो, कधी घसरून पुढच्या पायात उतरतो, काही तासात जिरतो. किती एमएल ते डॉक्टरांनी वजनावर काढून दिलंय तेवढंच, मनाने वाढवायचं नाही. आधीचा फुगा जिरलाच नसेल तर वरून दुसरं देऊ नका, सरळ डॉक्टरांना फोन करा, कारण त्याचा अर्थ बहुतेक पिल्लू गार आहे आणि कातडीखालचं रक्त फिरत नाहीये. म्हणून म्हटलं ऊब आधी, पाणी नंतर.

पाणी पुरतंय का ते हिरडीवरून कळतं. बोट लावा, ओलसर बुळबुळीत लागलं तर ठीक, चिकट लागलं तर कमी पडतंय. कातडी ओढून सोडायची युक्ती ढोरांत छान चालते, एवढ्या लहान पिल्लात फसवते. लघवी किती वेळा झाली ते वहीत लिहा, सोबत वजन, टेम्परेचर, ओकारी, संडास, सगळं वेळेसकट. डॉक्टरांना फोन केला की "बरं वाटत नाहीये" यापेक्षा ती वही जास्त बोलते.

खाणं सगळ्यात शेवटी. टेम्परेचर १०० च्या वर आलं, ओकारी इंजेक्शनने थांबली, आणि पिल्लू स्वतः मान धरतंय, एवढं झालं की चिकन नुसतं पाण्यात उकडून, मीठमसाला काही नाही, मिक्सरमधून पातळ करून, गाळून, कोमट. सुई काढलेली एक एमएलची सिरिंज, पिल्लू पोटावर बसलेलं, सिरिंज तोंडाच्या कोपऱ्यातून, थेंब-थेंब, गिळलं की पुढचा. एकावेळी एक-दोन एमएल, दोन-तीन तासांनी. ओकलं तर थांबायचं. पण ओकारी थांबल्यावर मात्र चार दिवस उपाशी ठेवायचं नाही, पोटात थोडं गेलं की आतडं लवकर सावरतं. आंघोळ घालू नका, मागची बाजू कोमट ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करायची आणि थोडं खोबरेल लावायचं.

तोंड उघडून श्वास घेतंय, झटका आला, हिरड्या पांढऱ्याफटक किंवा निळ्या झाल्या, तासभर ऊब देऊनही आकडा ९९ वर येत नाही, रक्ताची संडास, बारा तासात लघवी नाही, यातलं काहीही झालं तर वहीबिही सोडून गाडी काढा. जाताना पण बाटली सोबत आणि गाडीचा एसी बंद.

प्रश्न: काका, आमच्याकडे भाव यायची वाट बघत कापूस अजून घरातच पडलाय, त्यात मांजरीने तीन पिल्लं घातली. डोळे उघडलेत, दात नाहीत. मांजर कालपासून दिसत नाही. गाईचं दूध पाणी घालून देतोय तर पिवळी पातळ संडास लागली. बकरीचं देऊ का? – एरंडोलहून

उत्तर: भाऊ, बकरीच्या दुधाने पण फार फरक पडत नाही, साखर त्याच जातीची असते, लॅक्टोज, ती जास्त झाली की पिल्लाला पचत नाही. वर तुम्ही पाणी घालताय म्हणजे ताकद अजून कमी. मांजरीचं दूध गाईच्यापेक्षा दाट असतं, त्यात प्रोटीन आणि फॅट दोन्ही जास्त. मांजराच्या पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते, जळगाव-धुळ्याच्या पेट शॉपमधे विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा, ती येईपर्यंत काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. कुत्र्याच्या पिल्लाची पावडर घेऊन येऊ नका.

डोळे उघडलेत आणि दात नाहीत म्हणजे दोन ते तीन आठवड्यांची असतील. या वयात त्यांना स्वतःहून शी-शू होत नाही, आई चाटते तेव्हा होते, तर प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट ओल्या फडक्याने खालची जागा हलके पुसत राहायचं, होते ती. तीन-चार तासांनी पाजायचं, रात्री पण, सुट्टी नाही. पोट बारीक असतं, शंभर ग्रॅम वजनामागं एकावेळी चार एमएलच्या आसपास, भूक दिसते म्हणून कोंबू नका. रोज वजन करा, दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढलं पाहिजे. किराणा दुकानाचा काटा एवढं बारीक दाखवत नाही, घरचा डिजिटल काटा घ्या, आमच्या ओळखीत एकाने तर सराफाच्या काट्यावर पिल्लू तोलून आणलं होतं, आपल्या जळगावात ती सोय बरी आहे.

आणि संडास लागलेली असली तरी वरचा नियम तोच, हात लावून बघा, गार असेल तर आधी ऊब. आई कदाचित जागा शोधायला गेली असेल, पिल्लं गरम असतील तर दोन-तीन तास लांबून लक्ष ठेवा, पण कालपासून नाही म्हणजे आता वाट बघू नका.

प्रश्न: मांजरीच्या पिल्लाला अंग तापलं म्हणून तापाची पाव गोळी चुरून दिली, मेडिकलवाला म्हणे लहान मुलांना पण देतात. रात्रीपासून तोंड सुजलंय. – एक वाचक, शिरपूर

उत्तर: ह्या वाचकाचा नंबर होता म्हणून लगेच कळवता आलं. पॅरासिटामॉल मांजराला म्हणजे विष, पाव गोळी पण. माणसाचं लिव्हर हे औषध ज्या रसायनाने निकामी करतं ते मांजरात जवळजवळ नाही, त्यामुळे रक्त ऑक्सिजन वाहायचं सोडतं, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. घरगुती उपाय नाही, मीठपाणी पाजून ओकवू नका. माणसांना देतात तोच उतारा, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, मांजरालाही चालतो, डॉक्टरांना गोळीचं पाकीट दाखवा आणि किती वाजता दिली ते सांगा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन, ह्या पण मनाने द्यायच्या नाहीत. कुत्र्याच्या पिसवांची पावडर पण नाही, बऱ्याच पावडरींत परमेथ्रिन असतं, त्याने मांजराला झटके येतात. पिसवा बारीक कंगव्याने काढून साबणाच्या पाण्यात टाका.

प्रश्न: नाना, सुनेला तिसरा महिना आहे, घरात पिल्लाला जुलाब. लोक म्हणतात मांजर ताबडतोब बाहेर काढा, बाळाला धोका. सून रडते, तिचंच पिल्लू आहे. – धुळे

उत्तर: मावशी, पिल्लू काढू नका, शी उचलायचं काम सुनेकडून काढून घ्या, एवढंच. लोक म्हणतात तो आजार टॉक्सोप्लाझ्मा. मांजर बहुतेक आयुष्यात एकदाच, पहिल्यांदा लागण होते तेव्हा, आठवडा ते तीन आठवडे त्याचे कण शीतून टाकतं, आणि ते कण बाहेर पडल्या पडल्या लागत नाहीत, पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणी रोजच्या रोज शीच्या खोक्यातली माती बदलली, हात साबणाने धुतले, तर धोका फारच कमी. त्यापेक्षा अर्धवट शिजलेलं मटण, न धुतलेली मेथी-कोथिंबीर आणि शेतातल्या मातीत उघड्या हाताने काम, याच्याकडं लक्ष द्या. सुनेच्या डॉक्टरांना घरात मांजर आहे हे सांगून ठेवा. मुलाला सांगा माती बदलायला, त्याचे काही हात झिजणार नाहीत.

प्रश्न: औषध पाजताना पिल्लू अंगठ्याला चावलं, रक्त आलं. छोटं पिल्लू आहे, चालेल ना? – अमळनेर

उत्तर: नाही चालणार. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मिरची, हळद, चुना काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, रेबीजची लस तिथं फुकट मिळते, पहिल्या दिवसापासून ठरलेल्या तारखांना सगळे डोस पूर्ण करायचे. रक्त आलंय म्हणून जखमेत द्यायच्या सिरमबद्दल पण विचारा. पुढच्या वेळी पिल्लाला टॉवेलमधे भाकरीसारखं गुंडाळून, फक्त डोकं बाहेर ठेवून औषध द्या.

प्रश्न: नाना, मी यावलची, पिवळं पिल्लू वाचलं! दहाव्या दिवशी स्वतः चिकन खाल्लं, सासूबाई त्याला आता "मना आंडोर" (माझा लेक) म्हणतात. मैत्रिणीकडे नवीन पिल्लू आलंय, आणून दोघांची ओळख करून देऊ का, हे एकटं पडलंय. घर फिनेलने दोनदा पुसलंय.

उत्तर: ताई, तुमचा फोटो बघून आनंद झाला, पण नवीन पिल्लू आणू नका. बरं झालेलं पिल्लू सहा आठवड्यांपर्यंत शीतून विषाणू टाकू शकतं, आणि घरात तो वर्षभर तग धरतो. फिनेलने तो मरेलच असं नाही, आणि फिनेल किंवा ते तपकिरी अँटिसेप्टिक पंजाला लागून मांजराने चाटलं तर त्याचाच त्रास. मेच्या उन्हावर पण भरवसा ठेवू नका, हा उष्णतेला चिवट आहे. त्याला मारतं ते ब्लीच, सोडियम हायपोक्लोराइट, एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी. आधी घाण साबणाने धुवून काढा, मग ते पाणी दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसून कोरडं. टॉयलेट क्लीनरमधे मिसळू नका, विषारी वायू होतो. फरशी, वाट्या, पिंजरा असे धुता येतात, पण तुमची मागची खोली शेणाने सारवलेली आहे म्हणालात, तिथं ब्लीचचा उपयोग होत नाही, ती खोली वर्षभर नवीन पिल्लासाठी बंदच समजा. ज्या खोक्यात हे झोपायचं ते आणि त्यातली साडी जाळून टाका.

तुमच्या घरातल्या कुत्र्याला हे लागत नाही, माणसाला पण नाही. मैत्रिणीच्या पिल्लाला मात्र सहा ते आठ आठवड्यांचं झालं की लस सुरू करायला सांगा, तीन-चार आठवड्यांनी परत, सोळा आठवड्यांपर्यंत, आणि रेबीजची तीन महिन्यांनंतर. तुमच्या पिवळ्याला पण अंगात ताकद आल्यावर डॉक्टरांना विचारून बाकीच्या आजारांसाठी लस द्या. मैत्रिणीकडे जाल तेव्हा चप्पल बाहेर काढा आणि पिल्लाला हात लावायच्या आधी साबणाने धुवा, सॅनिटायझरने हा मरत नाही.